रायवळ सिंह: ज्यांचा आजोबा कोण हे माहीत नाही, त्या सिंहांचं करायचं काय?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली सिंह सफारी म्हणजे जाळ्या लावलेली मिनीबस, बाहेर धूळ, आणि शंभरातल्या नव्वद वेळा सावलीत पसरलेला एक सिंह. गेल्या खेपेला माझ्या मागच्या सीटवरच्या सात-आठ वर्षांच्या पोराने वडिलांना विचारलं, "बाबा, हा आफ्रिकेतला की आपला?" बाबा म्हणाले, "सिंह म्हणजे सिंह रे." ड्रायव्हरने मान न वळवताच उत्तर दिलं, "गीरचा आहे. पेपर आहेत त्याचे."

सेकंडहँड गाडीबद्दल बोलावं तसं तो बोलला, आणि अगदी बरोबर बोलला. पिंजऱ्यातल्या सिंहाची निम्मी किंमत त्याच्या कागदात असते. २०२२ च्या अखेरीस जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून बोरिवलीला सिंहाची एक जोडी आली आणि बदल्यात इथून वाघ तिकडे गेले. त्या जोडीतल्या मानसीने जानेवारी २०२५ मध्ये छावा दिला तेव्हा पेपरांत फोटो आले, कौतुक झालं. भारतातल्याच दुसऱ्या काही प्राणिसंग्रहालयांत मात्र सिंहांना पिल्लं होऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली गेली. नसबंदी केली, नर-मादी वेगळे ठेवले. सिंह दोन्हीकडे दिसायला सारखेच. फरक एवढाच की एकाचे पेपर आहेत आणि दुसऱ्याचे नाहीत, किंवा आहेत पण त्यांवर कुणाचा भरवसा नाही.

'जंगलात सिंह कमी, आणि इथे हे लोक त्यांची नसबंदी करतायत?' हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

## हापूस, पायरी आणि रायवळ

सिंह ही एकच प्रजाती. गीरचा सिंह आणि केनियाचा सिंह एकत्र ठेवले तर पिल्लं होतात, आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. सिंह आणि वाघ यांचा संकर ही गोष्ट निराळी. कोलकात्याच्या अलीपूरमध्ये १९७० च्या दशकात ते प्रयोग झाले होते, पण त्या दोन वेगळ्या प्रजाती. त्यांची इथे सरमिसळ नको.

एकाच प्रजातीचे गट हजारो वर्षं एकमेकांपासून दूर राहिले की हळूहळू वेगळे होतात. शरीराची ठेवण थोडी बदलते, कळपाची रीत बदलते. अशा गटाला उपजात म्हणतात. आंब्यांत हापूस आणि पायरी दोन्ही आंबेच, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही, तसंच काहीसं.

आणि मग असतो रायवळ. कुणीतरी कोय फेकली, झाड उगवलं, आंबे लागले. गोड असेल, आंबट असेल, रसाला तर उत्तमच. पण तो कुठल्या झाडाचा, परागकण कुठून आले, हे कुणी सांगू शकत नाही. हापूसची कोय लावली तरी हापूसच येईल याची खात्री नसते. म्हणून तर कोकणात कलम बांधतात. प्राणिसंग्रहालयांतले अनिश्चित वंशाचे सिंह म्हणजे हे रायवळ. इंग्रजी पेपर त्यांना सरसकट संकरित म्हणतात, पण 'संकरित' म्हणजे मिसळ झाल्याचं नक्की माहीत आहे असा. 'रायवळ' म्हणजे झाली का, किती झाली, कुणाची झाली, काहीच माहीत नाही असा. व्यवहारात हा फरक महत्त्वाचा ठरतो, म्हणून मी 'रायवळ' हाच शब्द वापरणार आहे.

## कागद हरवले कुठे?

सर्कशीत. निदान सुरुवात तरी तिथे झाली.

भारतीय सर्कशीची सुरुवात आपल्या मराठी मुलखातली. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, त्यानंतर कित्येक सर्कशी निघाल्या, आणि पुण्याचे दामू धोत्रे तर पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूत हिंस्र जनावरांचे खेळ करून नावाजले. सर्कशीला हवा असतो दांडगा, भरघोस आयाळीचा, रिंगणात उठून दिसणारा सिंह. तो आफ्रिकेचा की गीरचा, याची पंचाईत तंबूवाल्याला करण्याचं कारण नव्हतं. सिंह विकत घेतले, एकमेकांना दिले, तंबूतच पिल्लं झाली. जनावर म्हातारं झालं, किंवा पावसाळ्यात पोसणं जड झालं, की जवळच्या गावच्या प्राणिसंग्रहालयाला दान.

प्राणिसंग्रहालयंही तेव्हा फार निराळी नव्हती. सिंहीण एकटी आहे, सिंह मिळतोय, घ्या. पिल्लं झाली की रविवारी गर्दी होते. देशभरच्या प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणारं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं ते १९९२ मध्ये. तोवर कुठल्या सिंहाने कुठल्या सिंहिणीपासून किती पिल्लं घातली याची वही ठेवायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग होता.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेल्यावर तीर्थोपाध्याय वही उघडून तुमच्या पणजोबांची सही दाखवतात ना, सिंहांसाठी नेमकं तेच हवं होतं. जन्मतारीख, आई, बाप, आईचे आई-बाप, आणि शेवटी जंगलातून पकडलेला तो पहिला प्राणी. याला वंशनोंदवही म्हणतात. तिच्यात मधलं एक पान फाटलं की त्या पानाखालची सगळी घराणी अधांतरी.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून वाघ, सिंह, अस्वलं, माकडं यांच्या सर्कशीतल्या खेळांवर बंदी घातली, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तंबूतले सिंह बाहेर पडले. बंगळुरूजवळचं बन्नेरघट्टा, विशाखापट्टणम, तिरुपती अशा ठिकाणी त्यांच्यासाठी बचाव केंद्रं झाली. त्या सिंहांचे कागद अर्थातच नव्हते.

## आयाळ बघून कळत नाही का?

गीरच्या सिंहाच्या पोटाखाली मागेपुढे धावणारी कातडीची लोंबती घडी असते. डोक्यावरची आयाळ तुलनेने विरळ असते, त्यामुळे कान उघडे दिसतात. पुस्तकात हे ठळकपणे दिलेलं असतं आणि पर्यटकांना सांगायला ते ठीकही आहे.

अडचण अशी की आयाळ हवेप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलते. थंड हवेत वाढलेल्या सिंहाची दाट होते, उकाड्यात वाढलेल्याची विरळ. आणि मिसळ झालेल्या सिंहात पोटाची घडी आजीकडून आणि आयाळ आजोबांकडून येऊ शकते. बाजारात 'देवगड' लिहिलेल्या पेटीतला आंबा कर्नाटकातला निघाल्याचा अनुभव बहुतेकांना असेल. बाहेरून ओळखू येत असता तर भौगोलिक मानांकनाची एवढी उठाठेव कशाला लागली असती?

## मग रक्त तपासा की!

तपासलं. आणि त्यातून जी फजिती झाली तिचा किस्सा सविस्तर सांगण्याजोगा आहे.

अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी १९८१ मध्ये आशियाई, म्हणजे आपल्या गीरच्या, सिंहांसाठी संवर्धनाची योजना सुरू केली. दोनशेहून अधिक सिंह, नीट नोंदी, कुणाची जोडी कुणाशी लावायची याचं गणित, सगळं व्यवस्थित. पुढे जनुकशास्त्रज्ञ स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी या योजनेतल्या सिंहांचं रक्त सक्करबागेतल्या गीरच्या सिंहांच्या रक्ताशी ताडून पाहिलं. डीएनए वाचणं तेव्हा आजच्यासारखं सोपं नव्हतं, म्हणून त्यांनी रक्तातली ४६ प्रथिनं तपासली. एकाच प्रथिनाचे थोडे वेगवेगळे नमुने असतात, आपल्या रक्तगटांसारखे. गीरच्या सिंहांत प्रत्येक प्रथिनाचा एकच नमुना निघाला. चाळीस-पंचेचाळीस घरांच्या वाडीत प्रत्येक घरी एकाच चवीची आमटी असावी, तसं. अमेरिकेतल्या 'आशियाई' सिंहांत मात्र तीन प्रथिनांचे असे नमुने सापडले जे गीरमध्ये नव्हतेच. आफ्रिकेच्या सिंहांत होते.

मग वही उघडली आणि मागे मागे जात शोध घेतला. ज्या पाच मुख्य मूळ प्राण्यांपासून हा गोतावळा वाढला, त्यांतले दोन शुद्ध आशियाई नव्हतेच. तीही जोडी, आणि चांगली पिल्लं देणारी. १९८७ मध्ये हे छापून आलं आणि योजना गुंडाळावी लागली. सहा वर्षं जिचं गणित मांडलं, त्या वहीचं पहिलंच पान चुकलेलं होतं. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांनी यातून शहाणपण घेतलं आणि १९९० च्या दशकात आपला कार्यक्रम सक्करबागहून आणलेल्या सिंहांपासून नव्याने सुरू केला.

इथे एक मजेची गोष्ट आहे. गीरचे सिंह एकमेकांसारखे आहेत ही खरं तर त्यांची कमजोरी. पण त्यामुळेच भेसळ चटकन उघडी पडते. पांढऱ्या धोतरावर डाग दिसतो तशी.

आता थेट डीएनए वाचता येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत वाघ-सिंहांच्या डीएनएवर १९९० च्या दशकापासून काम चालू आहे. तरीही चाचणीला मर्यादा आहेत. पेशीत एक छोटा डीएनए असा असतो जो फक्त आईकडून येतो. आपल्याकडे आडनाव बापाकडून येतं, याचं उलट समजा. सर्कशीतला आफ्रिकन सिंह आणि गीरची सिंहीण यांना छावे झाले, तर हा आईकडचा डीएनए त्यांना बिनधास्त 'गीर' म्हणेल. त्यांतल्या मादीच्या लेकीला म्हणेल, नातीलाही म्हणेल. बाप त्यात कुठेच नाही. ही एकच चाचणी करून दिलेलं प्रमाणपत्र म्हणूनच कामाचं नाही.

उरलेला मोठा डीएनए आई-बाप दोघांकडून येतो, पण पत्ते पिसून वाटल्यासारखा. प्रत्येक पिल्लाला आईच्या गड्डीतले निम्मे पत्ते आणि बापाच्या गड्डीतले निम्मे. आफ्रिकन पणजोबाचे सख्ख्या भावाला पंधरा पत्ते आले तर बहिणीला आठच येऊ शकतात. चार-पाच पिढ्यांनंतर काहींच्या हातात इतके थोडे पत्ते उरतात की मोजके पत्ते उलटून पाहणाऱ्या चाचणीला ते सापडतच नाहीत. 'भेसळ आहे' हे चाचणी ठामपणे सांगू शकते. 'भेसळ नाही' हे सांगताना तिला 'आम्ही जेवढं पाहिलं तेवढ्यात' अशी पुस्ती जोडावी लागते.

## छतबीड: गर्दी वाढली, सिंह खचले

चंदीगडजवळच्या छतबीड प्राणिसंग्रहालयाचं उदाहरण भारतात सगळ्यात जास्त दिलं जातं. १९८० च्या दशकात तिथे आशियाई सिंहांची सर्कशीतून आलेल्या आफ्रिकन सिंहांशी वीण झाली. सिंह वाढले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संख्या सत्तर-ऐंशीच्या घरात गेली. मग आजार, अशक्तपणा, मृत्यू. २००० च्या सुमारास नरांची नसबंदी केली, वीण बंद केली, आणि हा गोतावळा नैसर्गिकपणे संपू द्यायचं ठरलं.

'संकर झाला म्हणून सिंह दुबळे झाले' असं या प्रकरणावर सर्रास लिहिलं गेलं. हे मला पटत नाही, आणि शेतीत ज्याने संकरित ज्वारी पाहिली आहे त्यालाही पटू नये. दूरच्या दोन वाणांचा संकर झाला की पहिली पिढी बहुधा जोमदारच निघते. घोटाळा पुढे होतो. संकरित बियाण्याच्या कणसातले दाणे पुढच्या वर्षी पेरले की पीक विस्कटतं, म्हणून शेतकरी दरवर्षी नवी पिशवी घेतो. छतबीडला सुरुवातीचे सिंह मूठभर होते. त्यांची पिल्लं एकमेकांत, मग त्यांची पिल्लं एकमेकांत. सोयरीक करताना गोत्र पाहायचं ते कुणी पाहिलंच नाही. जवळच्या नात्यात वीण झाली की आई आणि बाप दोघांकडे दडून बसलेला एकच दोष पिल्लात एकत्र येतो. त्यात दाटीवाटी, आणि दाटीत रोग पसरतो. माझ्या मते दोष नात्यातल्या विणीचा आणि गर्दीचा जास्त, आफ्रिकेच्या रक्ताचा कमी.

## मग नवं रक्त चांगलंच ना?

हा सगळ्यात जोरदार आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेऊ नये.

गीरच्या सिंहांत विविधता कमी आहे हे खरंच. १९८७ मध्येच 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सक्करबागच्या सिंहांतले सुमारे ६६ टक्के शुक्राणू सदोष आढळले. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या सिंहांत हेच प्रमाण २५ टक्के होतं. अमेरिकेत फ्लोरिडाचे प्यूमा (मांजरकुळातलाच एक मोठा प्राणी) जेमतेम वीस-तीस उरले होते, शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, मिसळ झालेली पिल्लं धडधाकट निघाली आणि संख्या शंभरावर गेली. मग आपल्याकडे रायवळ सिंहांना नाकं का मुरडायची?

फ्लोरिडात आणलेल्या माद्या कुठून आणल्या हे माहीत होतं. किती आणायच्या हे ठरवलेलं होतं. त्यानंतर कुणाची पिल्लं कुठे गेली यावर नजर होती. शिवाय तिथला प्यूमा खरोखर संपत चालला होता. रक्तपेढीतून गट तपासून रक्त देणं आणि रस्त्यावरच्या बाटलीतून देणं यांत जो फरक, तोच इथे आहे. आणि गीरची अवस्था आज तशी नाही. २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि मे २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह. गीरच्या सिंहांवरचं खरं संकट म्हणजे ते सगळे एकाच टापूत आहेत. २०१८ मध्ये गीरच्याच दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह गेले, त्यांतल्या काहींत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर या रोगाचा विषाणू सापडला. याला उत्तर दुसरं जंगल, नवं रक्त नव्हे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला न्यायला सांगितलं होतं. तिथे पुढे चित्ते आले, सिंह नाहीत. ते राजकारण वेगळ्या लेखाचं.

याच आक्षेपाचं जुळं भावंड म्हणजे, 'रायवळ सिंहिणीला दर पिढीत शुद्ध सिंह द्या, आपोआप धुऊन निघेल.' जर्सीच्या संकरातून गोठा सुधारणारे हेच करतात. निम्मं, पाव, एक अष्टमांश. कागदावर बरोबर आहे. पण प्रत्येक पिढीला एक शुद्ध सिंह त्या कामाला लागणार, आणि जागा अडणार. नियमांप्रमाणे सिंहाच्या जोडीला मोकळं आवार किमान हजार चौरस मीटर हवं, म्हणजे दहा गुंठे. एक सिंहीण दोन वर्षांनी तीन छावे देते असं धरलं तर तिच्या हयातीत डझनभर सहज होतात, आणि पिंजऱ्यातला सिंह अठरा-वीस वर्षं जगतो. दहा गुंठ्यांचे तुकडे मोजकेच असतात. त्यात रायवळ छावा बसवला की मानसीच्या छाव्याची जागा गेली. सगळ्या वादाच्या मुळाशी 'शुद्धता' या भारदस्त शब्दापेक्षा हे दहा गुंठेच जास्त आहेत.

## शास्त्रज्ञच म्हणतात दोघे एक, मग?

हे जाणकारांचं पालुपद. २०१७ मध्ये मांजरकुळाच्या तज्ज्ञगटाने सिंहांची फेरमांडणी केली. त्यानुसार भारतातला सिंह आणि पश्चिम, मध्य, उत्तर आफ्रिकेतला सिंह ही एक उपजात, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतला ही दुसरी. म्हणजे 'आशियाई' अशी वेगळी उपजात या मांडणीत उरलीच नाही. मग छतबीडला झालं ते चुकलंच कुठे?

पण सर्कशीतले सिंह आफ्रिकेच्या नेमक्या कुठल्या भागातून आले हेच माहीत नाही, म्हणून ही मांडणी त्यांना सोडवू शकत नाही. शिवाय एका खोक्यात टाकलं म्हणून गीरच्या सिंहाचा वेगळा इतिहास पुसला जात नाही. जिल्हा एक झाला तरी मालवणी आणि घाटी जेवण एक होत नाही.

## जंगलात सोडून द्या

नको. हे एकदा होऊन बसलंय, सिंहाचं नाही तर वाघाचं. वन्यजीवप्रेमी बिली अर्जन सिंग यांनी १९७६ मध्ये इंग्लंडच्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून तारा नावाची वाघीण आणली, मायेने वाढवली आणि उत्तर प्रदेशातल्या दुधव्याच्या जंगलात सोडली. हेतू उत्तम. पुढे कळलं की ताराच्या घराण्यात सैबेरियन वाघाचं रक्त असावं. दुधव्यातल्या काही वाघांच्या केसांच्या तपासणीत तशा खुणा मिळाल्याचं सांगितलं गेलं आणि वाद पेटला. जंगलात सोडलेला प्राणी परत बोलावता येत नाही, त्याचे पत्ते तर नाहीच. वाघांच्या बाबतीत ही सरमिसळ किती खोल आहे याचा अंदाज २००८ च्या एका अभ्यासाने दिला. निरनिराळ्या देशांतल्या १०५ पाळीव वाघांपैकी ४९ एकाच उपजातीचे निघाले, ५२ मिश्र.

## जिथे शुद्ध कुणी उरलंच नाही

आतापर्यंत वाचून रायवळ सिंहांची वीण नेहमीच थांबवावी असं वाटलं असेल, तर आता मोरोक्कोला चला.

ॲटलास पर्वतातला बार्बरी सिंह रानातून संपला. शेवटच्या ज्ञात सिंहांपैकी एक १९४२ मध्ये तिथे गोळी घालून मारला गेला. पण मोरोक्कोच्या सुलतानांना डोंगरातल्या टोळ्या सिंह नजराणा म्हणून देत, आणि राजवाड्यात त्यांची पैदास होत राहिली. १९५३ मध्ये फ्रेंचांनी सुलतान पाचवे मोहम्मद यांना देशाबाहेर काढलं तेव्हा सिंहांचीही पांगापांग झाली. राबातच्या प्राणिसंग्रहालयात आज त्यांचे वंशज आहेत. ते खरे बार्बरी का? काही नमुन्यांच्या आईकडच्या डीएनएने पाठिंबा दिला नाही. राजवाड्यात मधल्या काळात बाहेरचे सिंह शिरले असणार. म्हणजे हेही रायवळच.

तरी त्यांची वंशनोंदवही ठेवली जाते, जोड्या लावल्या जातात, युरोपातली प्राणिसंग्रहालयं त्यात सामील आहेत. कारण कलमं सगळी जळून गेली असतील तर परसातल्या रायवळाच्या फांदीत हापूसचा जो काही अंश असेल तोच शिल्लक.

इथिओपियातल्या आदिस अबाबात तर उलटंच झालं. सम्राट हैले सेलासी यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या प्राणिसंग्रहालयातले काळ्याभोर आयाळीचे सिंह कुठले, हे खात्रीने सांगता येत नव्हतं. पंधरा सिंहांचा डीएनए तपासला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आला की हा गट तोवर तपासलेल्या इतर सिंहांपेक्षा वेगळा आहे. कागद नसलेला प्रत्येक सिंह भेसळीचाच, असं म्हणून त्यांची नसबंदी केली असती तर?

म्हणून आधी तपास, मग निर्णय. आणि निर्णय घेताना त्या सिंहाच्या रक्ताबरोबरच, त्याच्यासारखा दुसरा किती उरला आहे हेही पाहायचं.

## वीण थांबवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

कुत्र्याची करतात तशी सिंहाची शस्त्रक्रिया करून वृषण काढले तर आयाळ झडते. आयाळ पुरुष-संप्रेरकावर टिकलेली असते. ते संपलं की चार-सहा महिन्यांत वनराजाची मोठी थोरली मांजर होते. कळपातला मान जातो, आणि खरं सांगायचं तर तिकीट काढून आलेल्यांनाही ते बघवत नाही. म्हणून नराची फक्त नस कापतात. आयाळ राहते, गर्जना राहते, जोडी लागणंही राहतं, पिल्लं तेवढी होत नाहीत.

पण त्याचीही किंमत आहे. सिंहिणीत मिलन झाल्यावर बीज सुटतं. नसबंदी झालेल्या नराशी मिलन झालं की गर्भ राहत नाही, पण शरीराला वाटतं राहिला. असं वारंवार झालं की गर्भाशयाचे आजार वाढू शकतात. मादीला त्वचेखाली संप्रेरकाची कांडी बसवण्याचा उपाय आहे, त्यातल्या जुन्या प्रकारांनी मांजरकुळात गाठी आणि कर्करोगाचा धोका वाढतो हे दिसलेलं आहे. नर-मादी कायमचे वेगळे ठेवणं सगळ्यात सोपं, पण सिंह हा कळपात राहणारा प्राणी. डेन्मार्कच्या कोपनहेगन प्राणिसंग्रहालयाने २०१४ मध्ये नव्या नरासाठी जागा करताना चार सिंहांना मारलं आणि जगभर ओरड झाली. आपल्याकडे सिंह वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, इथे तो मार्ग नाही. त्यामुळे पिल्लं नकोत असं ठरल्यावरही तो सिंह पुढची दहा-पंधरा वर्षं पोसायचाच असतो. रोजचं सात-आठ किलो मांस, आठवड्यातून एक दिवस उपास (प्राणिसंग्रहालयांत हा प्रघातच आहे, पोट ठीक राहतं), दातांची दुखणी, म्हातारपणी संधिवात.

एक अडचण शेवटी उरते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वीण बंद केलेला गट एकेक करून संपत जातो आणि शेवटी एक सिंह राहतो. एकटा. त्याला सोबत द्यायची तर दुसऱ्या कुठल्यातरी गावचा तसाच म्हातारा रायवळ शोधावा लागतो, आणि त्याला हलवायला प्राधिकरणाची परवानगी लागते. उन्हाचा त्रास नको म्हणून रात्रीचा प्रवास, ट्रकवर पिंजरा, बरोबर पशुवैद्य आणि नेहमी खाऊ घालणारा माणूस. पोचल्यावर लगेच एकत्र सोडत नाहीत. शेजारच्या खोल्यांत ठेवतात, मध्ये जाळी. पहिले काही दिवस दोघे एकमेकांवर गुरकावतात. मग एखाद्या सकाळी दोघांतला एक जाळीला पाठ टेकून झोपलेला दिसतो, आणि दुसरा पलीकडून त्याच जाळीला. त्या दिवशी रखवालदार साहेबांना फोन करतो की मधलं दार उघडायला आता हरकत नसावी.